कामगाराचा जीव : एक अमानत

वाचकहो, भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरी गावांतून अनेक तरुण रोजीसाठी खेड-शिवापूर व शिरवळच्या कारखान्यांत जातात. शेजारच्या मुळशी तालुक्यात, उरवडे येथे 7 जून 2021 रोजी रासायनिक कारखान्याला आग लागून 15 हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या.

अशा वेळी ‘तकदीर’ म्हणून आपण मोकळे होतो. तकदीरवर आपली श्रद्धा आहेच. परंतु सूरह अल्-बकरा (आयत 195) स्वतःच्या हातांनी विनाश ओढवून घेण्यास मनाई करते. आयतीचा संदर्भ दानाचा असला, तरी उलमांनी हा आदेश व्यापक मानला आहे. प्रेषितांनीही (स.) आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावा, असे शिकविले (तिर्मिजी).

आपण मालक असाल, तर कामगाराचा जीव आपल्याकडे अमानत आहे. बाहेर पडण्याची वाट मालाने अडविणे ही खयानत होय. कामगार असाल, तर धोका वेळीच सांगणे आपले कर्तव्य आहे; 1987 च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यानेही तो हक्क दिला. आणि घरच्यांनो, मजुरीबरोबरच ‘तिथली वाट मोकळी आहे ना?’ हेही विचारत जा.

अल्लाह आपणां सर्वांना ही अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.