सिनेमा बघा, मग हाताने करा



सिनेमा कुणाला आवडत नाही? लहानांना आवडतो, मोठ्यांना आवडतो, म्हाताऱ्यांनासुद्धा आवडतो. पण सिनेमा दोन-अडीच तासांत संपतो. मग आपण आठ दिवस त्यातली गाणी म्हणतो, तलवारबाजी करून दाखवतो आणि नंतर दुसरा सिनेमा आला की पहिला विसरतो. आवडत्या सिनेमातली एखादी वस्तू आपण आपल्या हाताने केली, तर मात्र तो सिनेमा विसरत नाही. शिवाय त्यात जे नसते तेही आपल्याला सापडते. ते कसे, हे मी या लेखात सांगणार आहे.

सिनेमासुद्धा हातानेच झाला

पहिल्यांदा थोडी माहिती. आपल्या देशातला पहिला मोठा कथापट 'राजा हरिश्चंद्र' हा ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांना दाखवला गेला. तो दादासाहेब फाळके यांनी काढला. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. ते चित्रकला शिकलेले होते. मोठा सिनेमा काढण्याआधी त्यांनी काय केले असेल? कुंडीत वाटाणा लावला. तो उगवून वाढत असताना त्याची रोज थोडी थोडी चित्रे घेतली आणि ती जोडून एक छोटा चित्रपट केला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सिनेमाच्या पट्टीला कडेने भोके पाडून देत. त्यांचा मुलगा भालचंद्र हा रोहिदास झाला होता. म्हणजे सगळे घरच कामाला लागले होते.

आपल्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर होऊन गेले. ते आधी नाटकांचे पडदे रंगवत. पुढे त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' हा सिनेमा आला. आपल्या सिनेमाच्या जाहिरातीची चित्रेही ते स्वतःच रंगवत. पंढरपुरात जन्मलेले मोठे चित्रकार हुसेन हेसुद्धा तरुणपणी मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरत.

सांगलीचे नाव तर याच्याही आधी येते. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक केले. त्यांनी लाकडाच्या बाहुल्याही केल्या होत्या. बाई म्हणाल्या, "हाताला काम दिलं की डोकं आपोआप चालतं." या सगळ्यांची माहिती वाचल्यावर मला ते पटले.

फडफड वही कशी करावी

सिनेमातली चित्रे खरी हलत नाहीत. ती एका सेकंदात २४ या वेगाने एकामागून एक येतात. प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा थोडेसेच वेगळे असते. त्यामुळे आपल्याला ते हलल्यासारखे दिसते. बाईंनी आम्हांला गणित घातले होते, की दोन तासांच्या सिनेमात चित्रे किती? दोन तासांचे सेकंद ७,२००. त्याला २४ ने गुणले की १,७२,८०० येतात. वर्गात सगळ्यांनी दोन-दोन वेळा गुणाकार करून पाहिला, कारण उत्तर खरेच वाटेना.

आपल्याला एका सेकंदाचा सिनेमा घरी करता येतो. त्याची कृती अशी :

साहित्य : जुनी जाड पानांची वही, पेन्सिल, खोडरबर.

कृती : (१) वहीच्या उजव्या कोपऱ्यात शेवटच्या पानापासून सुरुवात करा. (२) शेवटच्या पानावर जमिनीची रेघ काढा आणि त्यावर एक ठिपका काढा. (३) त्याच्या आधीच्या पानावर तेच चित्र काढा, पण ठिपक्याला बारीक कोंब दाखवा. खालचे चित्र कागदातून पुसट दिसते, त्यावरून जागा चुकत नाही. (४) अशी २४ पाने करा. प्रत्येक पानावर कोंब तांदळाच्या दाण्याएवढा वाढवा. (५) आता अंगठ्याने पाने शेवटाकडून भरभर सोडा.

फाळक्यांनी वाटाणा घेतला होता, मी उसाचा डोळा घेतला. डोळा फुटतो, कोंब वर येतो आणि दोन पाती सुटतात. हे सगळे एका सेकंदात होते. पण काढायला मला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी आमच्या रानात जाऊन लागणीचा ऊस खरोखर कसा उगवतो ते रोज बघून येत होते. आधी मी कधी वाकून बघितले नव्हते.

आज्जीची वाकळ

माझ्या आज्जीचे माहेर खटाव तालुक्यात. ती माझ्याएवढी होती तेव्हा पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. माणसे जमिनीवर बसून बघायची. तिथे आज्जीने 'श्यामची आई' पाहिला. हा सिनेमा १९५३ साली आचार्य अत्रे यांनी काढला होता. देशात चित्रपटांना राष्ट्रपतींचे सुवर्णपदक द्यायला सुरुवात झाली, तेव्हा पहिले पदक यालाच मिळाले.

आमच्या घरात आज्जीने शिवलेली एक वाकळ आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून वाकळ शिवतात, हे सर्वांना माहीत आहेच. तिच्या मधोमध एक निळे गोल ठिगळ आहे. गोलाच्या काठावर बोटाएवढे लाल ठिगळ आहे आणि त्याच्या मागे एक हिरवे. मी आज्जीला विचारले, "ही ठिगळं अशी का लावलीस?" ती म्हणाली, "अगं, ती हीर हाय. तो लाल सदऱ्याचा श्याम, पवायला भितोय. आन् मागं हिरव्या लुगड्यातली त्याची आई हाय."

आता गंमत बघा. 'श्यामची आई' हा सिनेमा काळा-पांढरा आहे. त्यात निळे पाणी नाही, लाल सदरा नाही आणि हिरवे लुगडेही नाही. मग हे रंग कुठून आले? आज्जी म्हणाली, "माझ्या आईचं लुगडं हिरवं हुतं." ती वाकळ आज्जीने लग्न होऊन सासरी आल्यावर पहिल्या पावसाळ्यात शिवली. माहेरची आठवण आली की ती शिवायला बसायची. म्हणजे त्या वाकळेत सिनेमातली आई आहे आणि आज्जीची आईपण आहे. माझ्या पणजीचा एकही फोटो आमच्या घरात नाही. पण तिचे लुगडे मी रोज रात्री पांघरते.

खिंड आणि गोट्या

दिवाळीला आम्ही सगळे मातीचा किल्ला करतो. त्यावर मोहरी आणि अळीव पेरतो. 'पावनखिंड' हा सिनेमा २०२२ साली आला. तो आमच्या आळीतल्या मुलांनी पुष्कळ वेळा बघितला आहे. म्हणून आम्ही गेल्या दिवाळीत एका बाजूला पन्हाळा, दुसऱ्या बाजूला विशाळगड आणि मध्ये खिंड असे केले. १६६० साली जुलै महिन्यात शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निघून विशाळगडाकडे गेले. तेव्हा बाजीप्रभू देशपांडे यांनी थोडे मावळे घेऊन शत्रूला खिंडीत अडवून धरले. त्या खिंडीला आधी घोडखिंड म्हणत.

सिनेमा बघताना मला एक कोडे पडायचे. शत्रू एवढे सारे आणि मावळे थोडे, मग शत्रू पुढे का जाऊ शकले नाहीत? आम्ही खिंड दोन प्रकारे करून पाहिली. पहिल्यांदा ती वीतभर रुंद ठेवली आणि वरून पन्नास गोट्या सोडल्या. सगळ्या गोट्या एकदम घरंगळत खाली आल्या. मग खिंड दोन बोटे रुंद केली आणि पुन्हा गोट्या सोडल्या. आता गोट्या तोंडाशीच अडल्या आणि एक-एकच पुढे येऊ लागली. पुढे बोट धरले की तीही थांबायची. पन्नास गोट्या एका बोटाने थांबल्या! तेव्हा कोडे सुटले. इतिहासाच्या पुस्तकात हे एका वाक्यात असते, सिनेमात ते भराभर निघून जाते, पण मातीत ते हाताला कळते.

धाटाची सायकल

आता शेवटची आणि मला सर्वांत आवडलेली वस्तू.

आमचे गाव सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेजवळ, कृष्णेकाठी आहे. दिवाळीनंतर इथे ऊस तोडायला बीडकडची माणसे येतात आणि गावाबाहेर कोप्या करून राहतात. त्यांची काही मुले आपल्या शाळेत येऊन बसतात. यंदा आमच्या वर्गात एक मुलगी आली होती. तिचे आईवडील पहाटेच फडात जायचे, म्हणून ती लहान भावाला कडेवर घेऊन शाळेत यायची. ती शेवटी बसायची. कुणी काही विचारले तर नुसती मान हलवायची. आम्हांला वाटायचे, तिला बोलायला आवडत नसेल.

एका शनिवारी बाईंनी शाळेच्या टीव्हीवर 'एलिझाबेथ एकादशी' हा २०१४ सालचा सिनेमा दाखवला. त्यात पंढरपूरचा ज्ञानेश नावाचा मुलगा असतो. त्याच्या वडिलांनी केलेल्या सायकलीचे नाव एलिझाबेथ. वडील वारलेले असतात आणि पैशांच्या अडचणीमुळे सायकल विकायची वेळ येते. सिनेमा संपल्यावर बाई म्हणाल्या, "सोमवारी प्रत्येकानं आपापली एलिझाबेथ करून आणायची."

सोमवारी कुणी पुठ्ठ्याची आणली, कुणी तारेची आणली. पण त्या मुलीने जोंधळ्याच्या वाळलेल्या धाटाची सायकल आणली. धाटाची साल सोलून तिची चाके केली होती आणि आतल्या मऊ गाभ्याचे तुकडे सांध्याला लावले होते. डिंक नाही, खिळा नाही, दोरासुद्धा नाही. बाभळीचे काटे टोचून सगळे जोडले होते. आणि चाके फिरत होती! सगळा वर्ग तिच्याभोवती जमला. तिने सायकलीच्या दांडीवर एक चिमुकली बैठकही केली होती. मी तिला विचारले, "सिनेमातल्या सायकलीला अशी बैठक आहे का?" ती म्हणाली, "नसंल. माझ्या सायकलीला हाय. भावाला बसाया."

त्या दिवसापासून ती बोलायला लागली. मधल्या सुट्टीत तिने आम्हांला शिकवले की साल सुकी असली तर मोडते. ती रात्रभर पाण्यात भिजवायची, मग गोल वाकवायची आणि सुकेपर्यंत काट्याने धरून ठेवायची. पंधरा दिवसांत वर्गात अकरा सायकली झाल्या. बैलगाड्या तर किती झाल्या ते मोजले नाही. तिचा भाऊसुद्धा सर्वांच्या कडेवर जाऊ लागला.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला. सोमवारी ती आली नाही. कोप्यांच्या जागी नुसते चुलीचे दगड राहिले होते. तिची सायकल बाईंच्या कपाटावर होती. उन्हाने तिचे पुढचे चाक तडकले. तेव्हा मी साल रात्रभर भिजवली, सकाळी वाकवली आणि नवे चाक बसवले. ते फिरते. ती गेली, पण तिची रीत आमच्या वर्गात राहिली. पुढच्या दिवाळीनंतर ती आली तर पाचवीच्या वर्गात आम्ही तिच्यासाठी पुढची जागा धरणार आहोत, असे ठरले आहे.

याचे फायदे

(१) सिनेमा आपण नीट बघायला शिकतो. सायकल करायची असेल तर साखळी कुठून कुठे जाते ते बघावेच लागते.

(२) पैसे लागत नाहीत. माती, धाट, चिंध्या आणि जुन्या वह्या प्रत्येकाच्या घरी असतात.

(३) जे सिनेमात नाही ते आपल्या मनातले त्यात येते. आज्जीचे हिरवे लुगडे आणि भावाची बैठक ही दोन उदाहरणे मी सांगितलीच.

(४) एकट्याने बघितलेला सिनेमा एकट्याचाच राहतो. हाताने केलेली वस्तू सर्वांना हातात घेता येते, मग बोलणे आपोआप सुरू होते.

काही पालक म्हणतात, "हे खेळ पुरे, अभ्यास करा." त्यांना माझी नम्र विनंती आहे, की यात गुणाकार झाला, इतिहास झाला, परिसर अभ्यास झाला आणि कार्यानुभवही झाला. मोबाईलवर आम्ही एका दिवसात कितीतरी गोष्टी बघतो, पण रात्री कुणी विचारले तर त्यातल्या दोनसुद्धा सांगता येत नाहीत. उसाच्या कोंबाची चोवीस चित्रे मात्र मला अजून पाठ आहेत.

या भित्तिपत्रकाखाली टेबलावर आम्ही फडफड वह्या, मातीची खिंड आणि धाटाची सायकल ठेवली आहे. कृपया हात लावून बघा, हात लावायला मनाई नाही. गोट्या डब्यात आहेत. शेजारी एक कोरी वही ठेवली आहे. त्यात पालकांनी आपण लहानपणी पाहिलेला आवडता सिनेमा आणि त्यातली एक आठवणारी वस्तू लिहावी. लिहिता येत नसेल तर आम्हांला सांगा, आम्ही लिहून घेऊ. पुढच्या महिन्यात त्यांतल्या जमतील तेवढ्या वस्तू आम्ही करणार आहोत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा