चांदीपुरा : दोन दिवसांची शर्यत

जुलै 2024. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. चलथाणला आमच्या मागच्या गल्लीतल्या काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. मूळच्या नंदुरबारकडच्या, त्यामुळे घाबरल्या की थेट अहिराणीत बोलतात. "पोऱ्याले ताप शे, ताई. सकायलगून वाट दखूत का?"

मी मायक्रोबायॉलॉजी शिकते एवढंच त्यांना ठाऊक. मी काही डॉक्टर नाही. पण त्या आठवड्यात गुजरातच्या प्रत्येक वर्तमानपत्रात एकच नाव होतं, चांदीपुरा. साबरकांठा, अरवल्ली या भागांतून लहान मुलांच्या मृत्यूच्या बातम्या येत होत्या. मी म्हटलं, "नाही काकी, आत्ताच जाऊ." दवाखान्यात रक्त तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं. साधा ताप निघाला, तिसऱ्या दिवशी पोरगा गल्लीत क्रिकेट खेळत होता. पण माझ्या डोक्यातून प्रश्न जाईना. सर्दी-तापाचे कितीतरी विषाणू आपलं शरीर दरवर्षी पिटाळून लावतं. मग याच विषाणूपुढे ते दोन दिवसांत का हरतं? हा लेख त्या प्रश्नाच्या नादाने लिहिला आहे.

आधी नावाबद्दल, कारण आपलं हे साहित्य मंडळ आहे. चांदीपुरा हे नाव गुजरातचं नाही, ते आपल्या विदर्भातलं. 1965 साली नागपूर भागात डेंग्यू आणि चिकुनगुन्याची साथ चालू असताना दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) एक वेगळाच विषाणू सापडला. तो जिथे सापडला त्या गावाचं नाव त्याला चिकटलं. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की नव्या आजाराला गावाचं नाव देऊ नका. बरोबरच आहे. सुरतकरांना 1994 च्या प्लेगनंतर शहराच्या नावाला काय चिकटतं ते चांगलं कळतं. (प्लेग मात्र जीवाणूचा, विषाणूचा नव्हे. बोलताना आपण दोघांनाही 'जंतू' म्हणतो आणि मग विषाणूवरही अँटिबायोटिक मागतो.)

सुरुवातीला या विषाणूकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात 329 मुलं आजारी पडली आणि त्यातली 183 दगावली, तेव्हा सगळे जागे झाले. पुढच्याच वर्षी गुजरातेत, मग 2007 मध्ये पुन्हा विदर्भात तो दिसला. 2024 मध्ये जूनच्या सुरुवातीपासून 15 ऑगस्टपर्यंत मेंदूज्वराचे 245 रुग्ण आणि 82 मृत्यू नोंदले गेले. त्यातल्या 64 जणांत चांदीपुरा निश्चित झाला, आणि त्या 64 पैकी 61 एकट्या गुजरातचे.

विषाणू दिसायला बंदुकीच्या गोळीसारखा. रेबीजच्या कुळातला. आत आरएनएचा एक धागा, त्यावर फक्त पाच प्रथिनांची माहिती. एवढ्या शिदोरीवर तो माणसाच्या पेशीत शिरतो. त्याला आणणारी वाळूमाशी डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत येते.

आता शरीराकडे वळू. पेशीत परका आरएनए दिसला की पेशीतली पहारेकरी प्रथिने तो ओळखतात आणि काही तासांतच इंटरफेरॉन नावाचा पदार्थ बाहेर सोडला जातो. हा पदार्थ विषाणूला मारत नाही. तो शेजारच्या पेशींना सावध करतो. गल्लीत चोर आल्याची आरोळी उठली की बाकीची घरं कड्या लावून घेतात, तसं. हीच गडबड मेंदूपर्यंत पोचते आणि ताप चढतो. म्हणजे ताप हा बहुतेक वेळा शरीराचाच उद्योग असतो, विषाणूचा नव्हे.

ही पहिली फळी. ती कोणताही विषाणू आला तरी तीच, माणसं ओळखून वागत नाही. नेमका हाच विषाणू ओळखणारी दुसरी फळी म्हणजे बी आणि टी पेशी. लाखो प्रकारांतून या विषाणूवर बसणारी पेशी शोधायची, तिची फौज वाढवायची, मग प्रतिपिंडं तयार करायची. पहिल्या भेटीत या कामाला साधारण आठवडा लागतो. सर्दीत हे चालून जातं, कारण तोवर विषाणू नाका-घशातच रेंगाळतो.

चांदीपुरा रेंगाळत नाही. ताप, उलट्या, झटके, मग शुद्ध हरपणं, आणि अनेक मुलांत हे सगळं 24 ते 48 तासांत. दुसरी फळी अजून तयार होत असते तेव्हा विषाणू मेंदूत पोचलेला असतो. शिवाय त्याच्या जवळच्या नातलग विषाणूंत असं दिसलं आहे की त्यांचं एक प्रथिन पेशीच्या केंद्रकातून निरोप बाहेरच पडू देत नाही. म्हणजे आरोळी ठोकणाऱ्याचं तोंडच दाबलं. आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसतं की मेंदूतल्या रक्षक पेशी चवताळल्या की त्यांनी केलेला दाह चेतापेशींनाही भोवतो.

म्हणूनच मला 'इम्युनिटी वाढवणारा काढा' अशा जाहिराती बघून वैताग येतो. आपला शब्दही थोडा फसवा आहे, प्रतिकार'शक्ती'. वाटतं, बादलीत पाणी भरावं तशी ती भरायची. खरं तर त्यात ताकदीपेक्षा ओळख आणि वेळ जास्त महत्त्वाची. मोठ्या माणसांना हा आजार सहसा का होत नाही? एक कारण हे सांगतात की साथीच्या भागातल्या अनेक प्रौढांच्या रक्तात चांदीपुराविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात. कधीतरी कळत-नकळत गाठ पडलेली असते, स्मृती राहिलेली असते. पाच वर्षांच्या पोराकडे ती स्मृतीच नाही. त्याला च्यवनप्राश देऊन ती येणार नाही.

वेळेचा हाच हिशेब तपासणीतही लागतो. दुसऱ्या दिवशी रक्तात प्रतिपिंडं शोधली तर ती अजून बनलेलीच नसतात, म्हणून पीसीआर करून थेट विषाणूचा आरएनए शोधतात. लस नाही, खास औषध नाही. झटके थांबवणं, मेंदूची सूज आवरणं, श्वास चालू ठेवणं, एवढंच डॉक्टरांच्या हातात, आणि तेही मूल वेळेत पोचलं तर. 'सकाळपर्यंत बघू' हे वाक्य इथे फार महाग पडतं.

राहिली वाळूमाशी. तिला दूर उडता येत नाही, नुसत्या टुणटुण उड्या मारते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याचे ओले कोपरे ही तिची घरं. ऊसतोडीला खानदेश-डांगहून येणाऱ्यांची पालं आणि आपल्याकडच्या जुन्या चाळींचे मागचे भाग आठवून बघा. काकींना मी हे सगळं सांगितलं तेव्हा इंटरफेरॉनचं त्यांनी फार मनावर घेतलं नाही. पण भेगांचं घेतलं. पुढच्या पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, मागची भिंत लिंपून झाली होती, आणि उरलेला गिलावा घेऊन त्या आमच्या घराची मागची बाजू बघायला आल्या.