लस, सक्ती आणि सदसद्विवेकबुद्धी : कॅथलिक विचाराचा एक अभ्यास



गर्भाधानपूर्व सल्ल्यासाठी आलेल्या स्त्रीच्या ठायी रुबेला अर्थात जर्मन गोवर या व्याधीविरुद्ध प्रतिकारक्षमता आहे किंवा नाही, हे पाहणे आज आवश्यक ठरले आहे. वसईकडील एका कॅथलिक शिक्षिकेस याविषयी विचारले असता तिने उलट प्रश्न केला, "डॉक्टर, ही लस गर्भपात केलेल्या अर्भकापासून करतात ना? मग आमच्या धर्मात ती चालत नाही, असे पत्र मला द्याल का?" प्रश्न प्रामाणिक होता. उत्तर देण्यापूर्वी मला बरेच वाचावे लागले. त्या वाचनाचे सार येथे अभ्यासार्थ देत आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९६२ साली फिलाडेल्फियातील विस्टार संस्थेत लिओनार्ड हेफ्लिक यांनी स्वीडनमधील एका गर्भपातातून मिळालेल्या फुप्फुसाच्या ऊतीपासून डब्ल्यूआय-३८ हा पेशीवंश तयार केला. १९६६ मध्ये इंग्लंडात अशाच रीतीने एमआरसी-५ हा पेशीवंश निर्माण झाला. १९६४-६५ च्या साथीत अमेरिकेत सुमारे २०,००० बालके रुबेलाजन्य विकृती घेऊन जन्मली. बाधिर्य, मोतीबिंदू व हृदयविकृती या त्यांतील प्रमुख होत. याच काळात स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी एका बाधित गर्भातून आरए २७/३ हा विषाणू वेगळा केला आणि डब्ल्यूआय-३८ पेशींवर वाढवून त्याची लस सिद्ध केली. आज ही लस बनविण्यासाठी नव्याने गर्भपात करावा लागत नाही; त्याच जुन्या पेशींची संतती वापरली जाते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवर-रुबेला लसही मानवी द्विगुणित पेशींवरच वाढविलेली असते. म्हणजे शिक्षिकेची माहिती अपुरी असली तरी निराधार नव्हती. "रुग्णास हे सांगायचेच कशाला?" असे एका सहकाऱ्याने सुचविले. राजयक्ष्म्याच्या चिकित्सेत काकादींचे मांस अन्य पक्ष्यांच्या नावाने द्यावे असे चरकसंहितेत सांगितले आहे, हे आपण जाणतोच. परंतु आजच्या संमतीच्या तत्त्वात ती युक्ती बसत नाही.

गर्भपात हे घोर पाप होय, ही कॅथलिक चर्चची भूमिका निःसंदिग्ध आहे. मग त्यातून उद्भवलेल्या पेशींची लस घेणारा त्या पापाचा भागीदार होतो काय? येथे कॅथलिक नीतिशास्त्र सहेतुक सहभाग आणि केवळ वस्तुगत सहभाग असा भेद करते, आणि वस्तुगत सहभागातही निकटचा व दूरचा असा भेद मानते. निदानपंचकातील सन्निकृष्ट व विप्रकृष्ट हेतूंचा विचार ज्यांनी केला आहे, त्यांना हे वर्गीकरण परके वाटणार नाही. जून २००५ मध्ये व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने दिलेल्या अभिप्रायानुसार लस घेणाऱ्याचा सहभाग अत्यंत दूरस्थ ठरतो. पर्याय नसेल तर लस घेता येते, मात्र पर्यायी लसीची मागणी करणे हे वैद्य व पालक या दोघांचेही कर्तव्य होय. (जपानमध्ये सशाच्या वृक्कपेशींवर वाढविलेली रुबेलाची लस होती, हे त्या संदर्भात लक्षणीय आहे.) त्याच अभिप्रायातील एक तळटीप मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलांना लस न दिल्याने एखादी गर्भवती बाधित झाली, आणि विकृत गर्भ म्हणून पुढे तिचा गर्भपात झाला, तर लस नाकारणाऱ्या पालकांकडेही त्याची जबाबदारी येते, असा तिचा आशय आहे. ज्या पापापासून दूर राहण्यासाठी लस टाळली, तेच पाप अधिक निकट येऊन उभे राहते!

"घेता येते" याचा अर्थ "घेतलीच पाहिजे" असा मात्र होत नाही. कोविडच्या काळात, २१ डिसेंबर २०२० रोजी, व्हॅटिकनच्या तत्कालीन श्रद्धासिद्धांत मंडळाने प्रसृत केलेल्या टिपणात लसीकरण हे सामान्यतः नैतिक बंधन नसल्याने ते ऐच्छिक असावे, असे म्हटले आहे. त्यालाच जोडून, विवेकापोटी लस नाकारणाऱ्याने अन्य उपायांनी व योग्य वर्तनाने आपण रोगाचे वाहक होणार नाही याची पराकाष्ठा केली पाहिजे, अशीही अट आहे. नकाराचा हक्क सांगणारे पहिले वाक्य उद्धृत करतात आणि दुसरे सोडून देतात, असा माझा अनुभव आहे.

या भूमिकेचे मूळ जुने आहे. चुकलेली विवेकबुद्धीही त्या व्यक्तीस बांधते. परंतु ती आळसाने वा हेतुतः चुकलेली असेल तर दोष टळत नाही, असे संत थॉमस अक्विनस यांनी तेराव्या शतकात मांडले. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कार करतानाच त्याला न्याय्य सार्वजनिक सुव्यवस्थेची मर्यादाही घातली.

परिणामी एकाच चर्चमध्ये व्यवहार भिन्न झाला. ३० जुलै २०२१ रोजी न्यूयॉर्क महाधर्मप्रांताने आपल्या धर्मगुरूंना, कोणासही धार्मिक सवलतीचे पत्र देऊ नये, असे कळविले. पोप फ्रान्सिस यांनी लस नैतिकदृष्ट्या ग्राह्य ठरविली असता धर्मगुरूने विरुद्ध पत्र देणे विसंगत होय, असे त्यामागील कारण. पुढच्याच आठवड्यात, ६ ऑगस्टला, कोलोराडोच्या बिशपांनी अशा पत्राचा नमुनाच प्रसिद्ध केला. माझ्या मते दोन्ही पत्रांचा विषय निराळा आहे. कॅथलिक धर्म ही लस निषिद्ध मानतो असे लिहिणे असत्य ठरेल. या व्यक्तीची विवेकबुद्धी तिला अनुमती देत नाही, असे लिहिणे सत्य असू शकते. खुद्द व्हॅटिकन नगरराज्याने मात्र फेब्रुवारी २०२१ च्या आदेशात सबळ आरोग्यकारणाविना लस नाकारणाऱ्या कर्मचाऱ्यांस नोकरी गमावण्यापर्यंतचे परिणाम सूचित केले होते. त्यावर टीका होताच, हेतू दंडाचा नसून संरक्षणाचा आहे, असा खुलासा करावा लागला.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, तथापि सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणबद्ध निर्बंध घालता येतील, असा निर्णय दिला आहे.

वैद्याने येथे एक पथ्य पाळावे. लसीच्या सुरक्षिततेविषयी शंका आणि लसीच्या उगमाविषयी विवेकाचा आक्षेप या दोन बाबी रुग्णाच्या बोलण्यात मिसळून येतात. त्या आपण वेगळ्या कराव्यात. पहिलीचे समाधान आपले काम, दुसरीचे नव्हे.

शिक्षिकेस मी पत्र दिले नाही. व्हॅटिकनच्या दोन्ही कागदपत्रांचा आशय तिला सांगितला, तळटिपेसह, आणि तिच्या धर्मगुरूंशी बोलण्यास सुचविले. तीन आठवड्यांनी ती लस घेऊन आली. ही जिवंत विषाणूची लस असल्याने गर्भिणीस देत नाहीत, आणि ती घेतल्यावर एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. तेवढा काळ थांबून आम्ही गर्भाधानपूर्व उपचार सुरू केले.