टेबल स्टोरेजमध्ये लॉग साठवताना

क्लाउडच्या टेबल स्टोरेजमध्ये लॉग लिहिणे स्वस्त आणि सोपे असते. खरी परीक्षा ते शोधताना होते. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझूरमध्ये अशा टेबलाचा इंडेक्स फक्त पार्टिशन की आणि रो की यांच्यावर असतो. एररच्या मजकुरावरून किंवा वापरकर्त्याच्या नावावरून शोधायचे झाले, तर सगळे टेबल चाळले जाते. म्हणून तक्रार आल्यावर काय शोधावे लागेल, हे आधी ठरवून मगच की ठरवावी.

पार्टिशन की म्हणून नुसती तारीख घेण्याचा मोह होतो. मग दिवसभराचे सगळे लेखन एकाच पार्टिशनवर आदळते, आणि १ केबीच्या नोंदी धरल्या तर त्या पार्टिशनची क्षमता सेकंदाला सुमारे २,००० नोंदींची आहे. चेन्नईकडच्या आवडी-अंबत्तूरच्या एखाद्या कारखान्यातल्या स्टोअर्सच्या सॉफ्टवेअरला ही मर्यादा क्वचितच जाणवेल. तिथे अ‍ॅपचे नाव आणि तारीख जोडली की काम भागते. रो की मजकूर म्हणून, चढत्या क्रमाने लावली जाते. त्यामुळे ताजी नोंद वर हवी असेल, तर कमाल वेळेतून चालू वेळ वजा करावी, आकडे शून्यांनी भरून सारख्या लांबीचे करावेत आणि टक्कर टाळायला शेवटी एखादा यादृच्छिक क्रमांक जोडावा. टाइमस्टॅम्प हा रकाना सर्व्हर भरतो. नेटवर्क तुटून नोंदी उशिरा पोचल्या, तर घटनेची वेळ त्यातून कळत नाही. ती यूटीसीमध्ये वेगळी लिहावी.

सगळ्यात फसवी अडचण बॅचची. एका बॅचमध्ये एकाच पार्टिशनच्या १०० नोंदी, एकूण ४ एमबीपर्यंत जातात, पण एक नाकारली की सगळ्या नाकारल्या जातात. मजकुराच्या एका रकान्यात ६४ केबीच मावतात. लांबलचक स्टॅक ट्रेस ती हद्द ओलांडतो आणि सगळी बॅच नाकारली जाते. लॉग लिहिणारा कोड स्वतःची चूक बहुधा गिळतो, आणि नेमका बिघाडाचाच लॉग सापडत नाही. मोठा मजकूर ब्लॉबमध्ये, म्हणजे फाइलींच्या साठवणीत, ठेवून टेबलात त्याचा पत्ता लिहावा.

जुन्या नोंदी आपोआप पुसण्याची सोय इथे नाही. दर महिन्याला वेगळे टेबल करून जुने अख्खे टेबल काढून टाकणे बरे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस, भारताच्या अधिकारक्षेत्रात ठेवावे लागतात. त्यासाठी चालू महिना आणि मागचे सहा पूर्ण महिने ठेवले की पुरते. चेन्नईच्या साउथ इंडिया रीजनमध्ये भू-प्रतिकृती निवडल्यास दुसरी प्रत पुण्याच्या सेंट्रल इंडियात जाते, काहीशी मागाहून. हा बॅकअप मात्र नव्हे: चेन्नईत चुकून पुसलेले पुण्यातूनही जाते. म्हणून अ‍ॅपला फक्त नोंद जोडण्याची परवानगी असलेले टोकन द्यावे आणि पुसण्याचा अधिकार वेगळ्या खात्याकडे ठेवावा.