स्व-प्रतिमा कशी घडते, कशी बदलते?

मूल जन्माला येते तेव्हा त्याला स्वतःविषयी काहीच कल्पना नसते. घरचे, शेजारी व गुरुजी त्याला ज्या नावाने हाक मारतात, ज्या नजरेने पाहतात, त्यातून ‘मी कोण?’ याचे उत्तर ते शिकते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ साली यालाच आरशाची उपमा दिली. इतरांना आपण कसे दिसतो, ते आपल्याला काय समजतात आणि त्यावरून वाटणारा अभिमान वा लाज, यांतून स्व-प्रतिमा तयार होते.

पण आरसाच वाकडा असेल तर? निजामी राजवटीत नांदेड-लातूरकडील खेड्यांत आपल्या वाडवडिलांपुढे असाच आरसा होता. गावकुसाबाहेरची वस्ती, ‘जोहार मायबाप’ आणि धोंड्या, कचरू अशी नावे. रोज तेच ऐकणारा माणूस शेवटी तेच खरे मानू लागतो.

तथापि स्व-प्रतिमा ही दगडावरची रेघ नव्हे. तथागतांनी माणूस म्हणजे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान या पंचस्कंधांचा प्रवाह, असे सांगितले. जे अनित्य आहे ते बदलता येते. ‘जोहार’ जाऊन ‘जयभीम’ आला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर पाळण्यातली नावे सिद्धार्थ, राहुल, प्रज्ञा झाली. गावाची नजर लगेच बदलली नाही. आपण आरसा बदलला.

त्याची किंमतही मोजावी लागली. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एका नावासाठी एवढे का, असे विचारणाऱ्यांना उत्तर हेच की, नाव हासुद्धा आरसाच असतो.

आज आपली मुले शिकवणीसाठी लातूर-नांदेडला खोली करून राहतात. तेथे कोणी आडनाव विचारून जात हुडकतो. घरी ‘आपण बौद्ध’ हे ऐकलेल्या मुलाला दाखल्यावर जुनी जात दिसते आणि ते गोंधळते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, हे त्याला समजावून सांगावे. दाखला झालेल्या अन्यायाची नोंद आहे, आपली ओळख नव्हे. परीक्षेत गुण कमी पडले तर ‘तू असाच’ म्हणू नये. ‘हा धडा राहिला, पुन्हा कर’ म्हणावे. विहारात त्याला चार शब्द बोलायला उभे करावे.

बंधू-भगिनींनो, मुलाचा पहिला आरसा आपणच आहोत. तो स्वच्छ ठेवू या.