बाटलीचे मोल आणि मळीचे मोल
(सभासद अभ्यास-पाठ)



गेल्या महिन्यात गटसभांच्या निमित्ताने आम्ही गावोगाव हिंडलो. तीन गावांत एकच प्रश्न तीन वेळा कानावर आला. एका सभासदाने तर उभे राहून रोखठोक विचारले, "मळी आमच्या उसाची, स्पिरिट आपल्या आसवनीचं. ते टँकरनं जातं, अन् मग शहरातल्या दुकानात चकचकीत बाटलीतनं चार-चार हजाराला विकतात. मग आपणच भारी बाटली काढून भरली तर बिघडलं कुठं?"

प्रश्न रास्त आहे. टाळ्याही पडल्या. पण टाळ्यांवर भांडवल गुंतवता येत नाही. म्हणून या अंकात भारी दारूच्या भारी पॅकिंगचा धंदा चालतो कसा, याचा अभ्यास करू. आम्ही इथे दारू पिण्याची शिफारस करीत नाही. दारूने उठलेली घरे आपल्या प्रत्येक गावात आहेत. पण आपल्या मालाचे पुढे काय होते, हे ठाऊक नसणे मालकाला शोभत नाही. आणि सभासद हा कारखान्याचा मालक आहे.

१. आधी घरचा हिशेब

एक टन ऊस गाळला की शेवटची, म्हणजे सी-हेवी मळी साधारण ४० ते ४५ किलो निघते. अशा एक टन मळीपासून सुमारे २२० ते २३० लिटर अल्कोहोल मिळते. म्हणजे टनाला ९ ते १० लिटर. (बी-हेवी मळी घेतली किंवा रसच वळवला तर हे आकडे बदलतात.)

आता ७५० मिलिलिटरची बाटली घ्या. आपल्याकडे विदेशी मद्याची तीव्रता ४२.८ टक्के असते. तेव्हा बाटलीत शुद्ध अल्कोहोल ३२१ मिलिलिटर. त्याला मळी लागली सुमारे १.४ किलो, आणि ऊस ३० ते ३५ किलो. मळीचा भाव हिशेबापुरता किलोला १० रुपये धरा. बाटलीतली मळी झाली १४ रुपयांची! भाव दुप्पट धरला तरी २८ रुपये. बाटली पाचशेची असो की दोन हजारांची, आत गेलेली मळी तेवढीच.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चार-पाच हजारांची परदेशी स्कॉच सातूच्या माल्टची, नाहीतर धान्याची असते. तिच्यात आपल्या मळीचा थेंबही नसतो. आपली मळी जाते ती रममध्ये आणि भारतात बनणाऱ्या पुष्कळशा व्हिस्कीमध्ये. मळीच्या स्पिरिटपासून केलेल्या अशा मालाला युरोपात व्हिस्की म्हणून विकायची परवानगीच नाही.

२. दोन रिकाम्या बाटल्या

गट कार्यालयात आम्ही दोन रिकाम्या बाटल्या आणल्या आणि वाण्याच्या काट्यावर तोलल्या. साधी बाटली भरली साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. भारी बाटली जवळजवळ नऊशे! दोन्हींत दारू मावते सारखीच. मग जादा काच गेली कुठे? सगळी बुडाशी. बूड दोन बोटे जाड. हातात घेतली की गिऱ्हाईकाला वाटते, माल वजनदार आहे. शिवाय साध्या बाटलीला पत्र्याचे झाकण. भारीला बूच, बुचावर लाकडी डोके, उठावाचे जाड लेबल, आणि वरून पुठ्ठ्याचा स्वतंत्र डबा. या डब्याला धंद्यात मोनो कार्टन म्हणतात.

एक वयस्कर सभासद म्हणाले, "म्हणजे मढ्यापरीस ताटीच भारी!" हशा झाला. पण गोष्ट तेवढी सोपी नाही. जग त्या ताटीचे पैसे का देते, ते पाहू.

३. भारी बाटली काम काय करते?

पहिले काम वाहतुकीचे. स्कॉटलंडच्या जॉनी वॉकर घराण्याने एकोणिसाव्या शतकातच चौकोनी बाटली काढली. कारण हौस नव्हे. चौकोनी बाटल्या पेटीत दाटून बसतात, जास्त मावतात, कमी फुटतात. लेबल त्यांनी तिरके, २४ अंशांत लावले. त्यामुळे अक्षरे मोठी बसली आणि दुरून ओळख पटू लागली. सोयीतून निघालेली बाटली पुढे खूण बनली.

दुसरे काम ओळखीचे. व्होडका म्हणजे जवळजवळ बिनवासाचे, बिनचवीचे स्पिरिट आणि पाणी. आपल्या आसवनीतले शुद्ध स्पिरिटही त्याच जातीचे. मग एक व्होडका दुसरीहून वेगळी कशी ठरायची? स्वीडनच्या ॲब्सोल्यूट कंपनीने १९७९ साली स्टॉकहोममधल्या जुन्या औषधाच्या बाटलीवरून आखूड मानेची बाटली घडवली आणि लेबल काढून टाकून अक्षरे थेट काचेवर छापली. पुढे कित्येक वर्षे तिच्या जाहिरातीत बाटलीचा आकारच काय तो असे.

तिसरे काम मानाचे आणि भेटीचे. १९३९ साली इंग्लंडचे राजा-राणी कॅनडाच्या दौऱ्यावर आले, तेव्हा सीग्रॅम कंपनीने क्राउन रॉयल नावाची व्हिस्की जांभळ्या कापडी पिशवीत घालून काढली. पिशवीची चाल आजवर टिकली. तिथल्या बायका त्या पिशव्यांच्या गोधड्या शिवतात. फ्रान्समध्ये रेमी मार्तँ घराण्याने १८७४ साली 'लुई तेरावा' नावाची कोन्याक काढली. तिची सुरई जार्नाकच्या १५६९ सालच्या लढाईच्या जागी सापडलेल्या जुन्या चंबूवरून घडवलेली, बाकारा गावच्या स्फटिक काचेची. ती रिकामी झाली तरी लोक शोकेसमध्ये ठेवतात.

चौथे काम विश्वासाचे. भारी दारूच्या रिकाम्या बाटल्यांत हलका माल भरून विकणारे टोळके सगळीकडे असते. म्हणून दारू बाहेर येते पण परत आत भरता येत नाही, अशी झाकणे निघाली. आपल्या देशात तर दूरदर्शन वाहिन्यांवर दारूच्या जाहिरातीला बंदी आहे. त्यामुळे दुकानाच्या फळीवर उभी असलेली बाटलीच जाहिरातीचे बरेचसे काम करते.

४. ग्वाटेमालाची चटई

आता आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला हा देश आहे, आपल्यासारखाच उसाचा. तिथे साकापा नावाच्या शहराला शंभर वर्षे झाली म्हणून १९७६ साली त्याच नावाची रम काढली. ती मळीपासून नव्हे, उसाचा पहिला रस आटवून केलेल्या काकवीसारख्या पाकापासून करतात. मग ती केत्साल्तेनांगो या सुमारे २,३०० मीटर उंचीवरच्या थंड गावी लाकडी पिंपांत मुरवतात.

बाटलीवर त्यांनी काय लावले? सोने नाही, स्फटिक नाही. ताडाच्या पानांची हाताने विणलेली चटई! तिला तिथे पेताते म्हणतात. पूर्वी सगळी बाटलीच चटईत गुंडाळत, पुढे मधोमध पट्टा राहिला. पट्टा विणतात तिथल्या बायका. ही चटई त्यांच्या घराघरांतली, पिढ्यान् पिढ्यांची. दुसऱ्या देशाच्या कारखान्याने नुसती नक्कल केली तर ती नक्कल म्हणूनच दिसेल. आज ही रम जगातल्या नावाजलेल्या रममध्ये गणली जाते.

पण कथेचा उत्तरार्धही ऐका. २०११ साली डियाजिओ या बड्या बहुराष्ट्रीय कंपनीने या नावाच्या मालकीत निम्मा हिस्सा विकत घेतला. ऊस तिथलाच, चटई तिथलीच, पण नावाची निम्मी मालकी बाहेर गेली. पैसा उसापाशी थांबत नाही, नावापाशी थांबतो; हा धडा आपण पक्का करावा.

यावर कॅरिबियन बेटांतल्या मार्टिनिकने दुसरी वाट काढली. तिथे ताज्या उसाच्या रसापासून रम करतात. १९९६ साली तिला फ्रान्सच्या कायद्याने स्थाननामाचे संरक्षण मिळाले. ऊस कोणत्या भागातला, रम कशी काढायची, हे नियमाने बांधलेले. गावाचे नाव असे कायद्याने राखले की ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही. आपल्याकडे गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच जातीचे.

५. बाटली बनवतो कोण?

काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुनखडी. पण भारी बाटलीला लोहाचा अंश अगदी कमी असलेली वाळू लागते, नाहीतर काचेला हिरवट झाक येते. सुमारे १,५०० अंश उष्णतेच्या भट्टीत रस करायचा, साच्यात फुंकायचा आणि मग सावकाश निववायचा. बूड जाड असेल तर निववायला जास्त वेळ. घाई केली तर बाटली तडकते. म्हणूनच ती महाग.

काचेचे काम आपल्याला परके नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आपल्या वाडवडिलांच्या घरी लटकत होता. पण भारी बाटलीचा धंदा मुख्यतः फ्रान्समधल्या जुन्या काचवाल्यांच्या हाती राहिला. उत्तर फ्रान्समधली साव्हरग्लास ही १८९७ सालची कंपनी त्यांतलीच. २०२३ साली ऑस्ट्रेलियाच्या ओरोरा कंपनीने ती सुमारे १२९ कोटी युरोंना घेतली. नुसत्या बाटल्या करणाऱ्या कंपनीची ही किंमत! उसाशी संबंध नाही, दारूशी नाही; संबंध फक्त काचेशी.

तरीही वारा थोडा फिरतो आहे. जाड काचेला इंधन फार लागते आणि वाहतूकही महाग पडते. २०२२ साली पर्नो रिका कंपनीने भारतात मोनो कार्टन बंद करण्याचे जाहीर केले. म्हणजे आज जे भारी म्हणून मिरवते, ते उद्या उधळपट्टी ठरू शकते. साचे आणि यंत्रे एकदा घेतली की पंधरा-वीस वर्षे गळ्यात पडतात, हे विसरू नये.

६. आपण भरायचे ठरवले तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बाटलीत भरायला आपल्याजवळ काय आहे? शुद्ध स्पिरिट आहे. त्याला नाव नाही आणि वय नाही.

वय आणायचे तर पिंपात मुरवावे लागते आणि आपल्या हवेत पिंपातले बरेच उडून जाते. बंगळूरच्या अमृत कंपनीने २००४ साली ग्लासगोत आपली सिंगल माल्ट नेऊन नाव कमावले. पण तिच्या पिंपांतून वर्षाला १० टक्क्यांहून अधिक माल उडतो. फ्रान्समधल्या कोन्याकला ही तूट दोनेक टक्के. तेवढी वर्षे पैसा अडकून पडतो. इथे तर गळीत संपले की चौदा दिवसांच्या बिलासाठी आपली धावपळ.

नाव तर पैशाने लगेच मिळत नाही. गाझियाबादजवळच्या मोहन मीकिनची ओल्ड मंक रम १९५४ पासून विकते आहे. तिची ती बुटकी, खडबडीत बाटली काही महागातली नाही. जाहिरातही फारशी नाही. पण बाटली बदलली नाही आणि चव बदलली नाही, म्हणून नाव टिकले.

शिवाय करांचा फेरा आहे. महाराष्ट्रात विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क जाहीर उत्पादन खर्चाच्या पटीत बसते. जून २०२५ मध्ये स्वस्त गटातल्या मद्यासाठी हा पट ३ वरून ४.५ करण्यात आला. बाटली-बुचाचा खर्चही उत्पादन खर्चातच धरला जाणार. म्हणजे त्या गटात बाटलीवर १ रुपया जादा घातला की विक्रीकराआधीच गिऱ्हाईकाच्या बोकांडी साडेपाच रुपये. ज्याचे नाव झाले आहे त्याला हे झेपते. नवख्याचा माल फळीवरच धूळ खातो.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. आधी बाटली आणि मग माल, हा क्रम उलटा आहे. आत नाव, वय किंवा गाव यांपैकी काहीही नसताना भारी बाटली घेणे म्हणजे बैल घेण्याआधी झूल शिवणे होय. करायचेच तर लहान प्रमाणावर, काही पिंपे भरून, पाच-सहा वर्षांची तयारी ठेवून करावे; आणि नाव कारखान्याच्याच मालकीचे नोंदवून घ्यावे. परक्याच्या नावाने बाटल्या भरून दिल्या तर मजुरी मिळते, मोल मिळत नाही.

७. तोवर सभासदाने काय पाहावे?

महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊस दर कायद्याप्रमाणे वाटा ठरतो तो साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नाच्या ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या ७५ टक्के. यात मळी आहे. स्पिरिट नाही, बाटली तर नाहीच. म्हणजे कारखाना आपल्याच आसवनीला मळी कोणत्या दराने देतो, त्या एका आकड्यावर सभासदाचा हक्क उभा आहे. तो दर कमी लावला तर आसवनी फायद्यात दिसते आणि ऊस तोट्यात दिसतो. वार्षिक अहवालात हा आकडा शोधा. सापडला नाही तर सभेत विचारा. चार हजारांच्या बाटलीपेक्षा हा आकडा तुमच्या घराला जास्त जवळचा आहे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या गटाच्या एकूण टनेजवरून किती मळी आणि किती लिटर अल्कोहोल निघाले असेल? हिशेब मांडा.
२) गेल्या दोन अहवालांत आसवनीला दिलेल्या मळीचा दर किती होता? बाजारातला दर किती होता?
३) साकापाच्या चटईसारखी, आपल्या भागाची म्हणून ओळखू येईल अशी कोणती वस्तू किंवा कारागिरी आपल्याकडे आहे? ती दारूवरच लावावी असे नाही. गुळाच्या ढेपेवर, काकवीच्या बरणीवर लावली तर?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे गट कार्यालयात लेखी द्यावीत. चांगली सूचना पुढच्या अंकात छापू.