पहिला कॅमेरा-ड्रोन : निवड आणि उड्डाण

लग्नसमारंभात किंवा शेतावर भुंग्यासारखा गुणगुणत फिरणारा ड्रोन तुम्ही पाहिलाच असेल. आपल्याकडेही असा एखादा असावा, त्याच्या कॅमेऱ्यातून आपले गाव वरून कसे दिसते ते पाहावे, असे कोणाला वाटणार नाही? पण दुकानात जाण्यापूर्वी हे यंत्र हवेत कसे राहते ते समजून घ्या. ते समजले म्हणजे कोणता ड्रोन घ्यावा आणि तो कसा उडवावा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

चार पंखे कशासाठी?

प्रत्येक पंखा हवा खाली ढकलतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हवा पंख्याला वर ढकलते. ही उचल वजनाइतकी झाली की ड्रोन अधांतरी तरंगतो. परंतु पंखा एका दिशेने फिरू लागला की ड्रोनचा सांगाडा उलट दिशेने फिरू पाहतो. म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन पंखे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, तर उरलेले दोन विरुद्ध दिशेने फिरवतात. दोन्ही परिणाम एकमेकांना मारतात व ड्रोन स्थिर राहतो.

पुढे जायचे असेल तर मागचे दोन पंखे अधिक वेगाने फिरतात. ड्रोन पुढे कलतो आणि उचलीचा काही भाग त्याला पुढे ढकलतो. सुकाणू नाही की शेपूट नाही; चार मोटरींचा वेग कमीजास्त करणे एवढीच सारी युक्ती!

ही कल्पना काही आजची नव्हे. फ्रान्समध्ये १९०७ साली ब्रेगे आणि रिशे यांनी चार पंख्यांचे यंत्र माणसासह जमिनीपासून थोडे वर उचलले होते. पण ते कलंडू नये म्हणून चारही कोपऱ्यांना माणसे उभी करावी लागली. आज त्या माणसांचे काम बोटाच्या नखाएवढे संवेदक करतात. ड्रोन किती कलला हे जायरोस्कोप आणि त्वरणमापक सांगतात, उंची वायुदाबमापक सांगतो, आणि ठिकाण उपग्रहांच्या संदेशांवरून कळते. त्यावरून ड्रोनमधील संगणक दर सेकंदाला शेकडो वेळा मोटरींचे वेग सुधारतो.

वजनाचा हिशेब

समजा, पंखे तेच ठेवून ड्रोनचे वजन दुप्पट केले. आता उचल दुप्पट हवी. त्यासाठी पंख्यांनी हवा सुमारे १.४ पट वेगाने खाली ढकलली पाहिजे. शक्ती म्हणजे उचल गुणिले हवेचा वेग. म्हणून ती २ × १.४, म्हणजे सुमारे २.८ पट लागेल! जड कॅमेरा का परवडत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

आता बॅटरीकडे वळू. ७.४ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास अशी बॅटरी असेल तर तिच्यात १४.८ वॅट-तास ऊर्जा असते. ड्रोन ४५ वॅट खर्च करीत असेल तर ती सुमारे २० मिनिटांत संपेल. खोक्यावर छापलेला उड्डाणकाळ बहुधा शांत हवेतला आणि बॅटरी जवळजवळ रिकामी होईपर्यंतचा असतो. म्हणून एक तृतीयांश बॅटरी उरली की ड्रोन खाली आलाच पाहिजे, असा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

निवडताना काय पाहावे?

पहिले, वजन. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनचा ‘नॅनो’ हा वर्ग आहे आणि तो उडवण्यास वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. हलका ड्रोन पडला तरी इजा कमी होते, हेही आहेच. तरी २०० ग्रॅमचा ड्रोन ३० मीटरांवरून कोसळला, तर हवेचा रोध सोडून, जमिनीपाशी त्याचा वेग ताशी सुमारे ८७ किलोमीटर होईल. तेव्हा कोणाच्याही डोक्यावरून तो नेऊ नये.

दुसरे, उपग्रहांच्या साहाय्याने जागा धरून ठेवण्याची सोय. ती नसेल तर वाऱ्याची झुळूक ड्रोनला हळूहळू वाहून नेते.

तिसरे, कॅमेऱ्याची बैठक. ड्रोन पुढे कलला की कॅमेराही कलणार. गिंबल नावाची बैठक लहान मोटरींनी त्याला तितकाच उलट फिरवते आणि क्षितिज सरळ राहते. चित्रातील बिंदूंची मोठी संख्या पाहून भुलू नका. हलत्या कॅमेऱ्याचे लाखो बिंदूही अंधुकच दिसतात.

चौथे, सुटे पंखे, पंख्यांभोवतीची संरक्षक जाळी आणि दुरुस्तीची सोय. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर, काही अपवाद सोडून, बंदी घातली. म्हणून ड्रोन कोठे तयार झाला, हे दुकानदाराला विचारा.

उडवायला शिकताना

मोकळे मैदान, सकाळची शांत वेळ आणि सोबत शिक्षक किंवा पालक, एवढी तयारी हवी. पहिला धडा असा : ड्रोनची पाठ आपल्याकडे ठेवून तो छातीएवढ्या उंचीवर एक मिनिट स्थिर ठेवा व उतरवा. दुसरा : पुढे, डावीकडे, मागे, उजवीकडे असा चौकोन काढा. तिसरा धडा खरा कठीण. ड्रोनचे तोंड आपल्याकडे वळवा. आता दांडी उजवीकडे ढकलली की ड्रोन तुमच्या डावीकडे जाईल! कारण उजवे-डावे हे ड्रोनचे असते, आपले नव्हे. हा धडा हाताला बसेपर्यंत उंच जाऊ नये.

चौथा धडा वाऱ्याचा. तुमचा ड्रोन हवेत सेकंदाला १० मीटर जातो आणि वारा सेकंदाला ६ मीटर आहे असे समजा. वाऱ्याबरोबर त्याचा जमिनीवरचा वेग १६ मीटर होतो. एका मिनिटात तो ९६० मीटर दूर जाईल. परतताना मात्र वेग उरतो फक्त ४ मीटर. त्याच अंतराला ४ मिनिटे लागतील! निम्मी बॅटरी जाताना आणि निम्मी येताना, असा हिशेब करणाऱ्याचा ड्रोन वाटेतच उतरतो. मग तो शेतात पडो की नदीत. म्हणून आधी वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे परतताना वारा मदतीला येतो. मैदानावर हवा शांत वाटली तरी उंचावर वारा अधिक असतो. झाडांचे शेंडे पाहा. आणि ड्रोन नजरेआड कधीही होऊ देऊ नका.

उडवण्यापूर्वी सरकारने प्रसिद्ध केलेला हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावा. हिरव्या क्षेत्रात साधारणपणे १२० मीटर उंचीपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर आहे. पिवळ्या व लाल क्षेत्रांत परवानगीवाचून उडवणे गुन्हा ठरतो. पतंगाचा मांजा, विजेच्या तारा आणि घारींची घरटी यांपासून दूर राहा. शेजाऱ्याच्या अंगणात न विचारता कॅमेरा डोकावू नये, हे सांगायला नकाशा लागत नाही.

सोडवून पाहा

ड्रोनचा हवेतील वेग सेकंदाला १२ मीटर, वारा ४ मीटर आणि उड्डाणासाठी २ मिनिटे हाती आहेत. वाऱ्याच्या दिशेने जास्तीत जास्त किती दूर जाऊन ड्रोन परत येऊ शकेल? उत्तर ६४० मीटर येते का पाहा. आता वारा सेकंदाला १२ मीटर झाला तर काय होईल, याचा विचार करा. तसा वारा असेल त्या दिवशी ड्रोन घरीच ठेवावा, हे तुमचे गणितच तुम्हाला सांगेल.